दुभत्या गायींच्या खुराकात डीडीजीएस: दीड वर्षाच्या वापरानंतरचा अभिप्राय

धान्यापासून इथेनॉल तयार करणाऱ्या कारखान्यांतून जो कोरडा, भरड, पिवळसर चोथा बाहेर पडतो, त्याला पशुखाद्याच्या व्यापारात डीडीजीएस म्हणतात. 'डिस्टिलर्स ड्राइड ग्रेन्स विथ सोल्युबल्स' या लांबलचक नावाची ही आद्याक्षरे आहेत. माझ्या गोठ्यातील ३० दुभत्या गायींना मी गेले दीड वर्ष हे खाद्य रोज देत आहे. या काळात साधारण साडेचार टनांची एक, अशा ९ खेपा मी उतरवून घेतल्या आणि एक खेप दारातूनच परत पाठवली. खाद्य म्हणून मला ते पटले आहे आणि मी ते चालू ठेवणार आहे. मात्र या एकाच नावाखाली प्रत्येक वेळी थोडी वेगळी वस्तू दारात येते, आणि ती तपासून घेण्याची तयारी नसेल तर या खाद्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

हे असे का होते, ते कळण्यासाठी हा चोथा तयार कसा होतो हे पाहावे लागते. मक्याच्या दाण्यात वजनाच्या जवळपास दोन-तृतीयांश पिष्ट असते. कारखान्यात दाणे दळून पाण्यात कालवतात, विकरांच्या (एन्झाइमच्या) साह्याने पिष्टाची साखर करतात, आणि यीस्ट ती साखर वापरून अल्कोहोल व कर्बवायू तयार करते. अल्कोहोल ऊर्ध्वपातनाने काढून घेतल्यावर तळाशी जे पाणीदार मिश्रण उरते, ते वेगाने फिरणाऱ्या यंत्रातून काढून घट्ट चोथा आणि पातळ द्रव वेगळे करतात. द्रव आटवला की काकवीसारखा दाट पाक होतो, आणि तो पाक चोथ्यावर ओतून दोन्ही एकत्र वाळवले की डीडीजीएस तयार होते. १०० किलो मक्यातून ढोबळमानाने ४० लिटर इथेनॉल, ३० किलो कर्बवायू आणि ३० किलो डीडीजीएस मिळते.

या हिशेबातच या खाद्याचा सगळा स्वभाव दडलेला आहे. दाण्यातले पिष्ट गेले आणि बाकीचे सगळे एक-तृतीयांश वजनात गोळा झाले, म्हणजे पिष्ट सोडून दाण्यात जे जे होते ते सुमारे तिप्पट झाले. मक्यातील ८ ते ९ टक्के प्रथिने डीडीजीएसमध्ये २७ ते ३० टक्क्यांवर जातात, ४ टक्क्यांच्या आसपासचे तेल १० ते १२ टक्क्यांवर जाते, स्फुरद (फॉस्फरस) ०.३ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांच्या घरात पोहोचते. मक्याच्या सालीतील पचण्याजोगा तंतुमय भागही असाच वाढतो. पण दाण्यावर बुरशी असेल आणि तिने विष सोडलेले असेल, तर तेही याच नियमाने तिप्पट होते. चांगले तेवढे वाढावे आणि वाईट तेवढे गळून जावे, अशी सोय या प्रक्रियेत नाही.

खुराकातील जागा ठरवताना मी सोयाबीन पेंड आणि मक्याचा भरडा या दोन्हींतून थोडा थोडा भाग काढला. गायीमागे रोज अडीच किलो डीडीजीएस सुरू केले आणि त्याबदली सुमारे १.२ किलो सोयाबीन पेंड व १.३ किलो मक्याचा भरडा कमी केला. प्रथिनांचा हिशेब त्यात जवळजवळ तंतोतंत बसतो: दोन्ही बाजूंनी गायीला साधारण ६४० ते ६५० ग्रॅम प्रथिने मिळतात. माझ्या गायी दिवसाला सरासरी २० किलो शुष्क पदार्थ (खाद्यातील पाणी वगळून उरणारा भाग) खातात, म्हणजे एकूण आहारात डीडीजीएसचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास पडतो. पहिल्या दिवसापासून पूर्ण मात्रा दिली नाही; अर्ध्या किलोपासून सुरुवात करून दोन आठवड्यांत अडीच किलोपर्यंत नेले, कारण कोठीपोटातील (गायीच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीवांना खाद्यबदल पचवायला तेवढा अवधी द्यावाच लागतो. पहिले तीन दिवस दोन-चार गायींनी गव्हाणीत नाक फिरवले. त्यानंतर आंबोणाचा वास येताच त्या पुढे सरकू लागल्या, आणि आजतागायत गव्हाणीत हे खाद्य उरलेले मी पाहिलेले नाही.

दुधाबद्दल सांगायचे तर ते घटले नाही आणि डोळ्यांत भरेल इतके वाढलेही नाही. कोणी विक्रेता 'हे घाला आणि दूध वाढवा' असे सांगत असेल, तर त्याला माझा अनुभव दुजोरा देत नाही. अमेरिकेतील दक्षिण डकोटा राज्य विद्यापीठासारख्या ठिकाणी दुभत्या गायींवर या खाद्याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे, आणि त्याचा रोख असा, की आहारातील शुष्क पदार्थाच्या २० टक्क्यांपर्यंत हे खाद्य दुधाला धक्का न लावता देता येते, मात्र सोबत पुरेसा चारा हवा. सोयाबीन पेंड आणि मका यांची जागा घेऊन दूध होते तेवढेच टिकवणे, हेच या खाद्याचे काम आहे, आणि ते काम त्याने माझ्याकडे नीट केले. शिवाय पिष्ट निघून गेलेले असल्यामुळे मक्याचा भरडा जास्त झाल्यावर पोटात जी आम्लता वाढते, तिचा धोका कमी होतो. उन्हाळ्यात गायी चारा कमी आणि आंबोण जास्त खाऊ पाहतात, तेव्हा मला याचा फरक जाणवला: शेण पूर्वीइतके पातळ होत नव्हते.

डीडीजीएसमधील प्रथिनांपैकी निम्मी किंवा त्याहून थोडी अधिक प्रथिने कोठीपोटात न फुटता पुढे आतड्यांपर्यंत जातात. पशुखाद्यवाले ज्यांना 'बायपास प्रथिने' म्हणतात ती हीच, आणि जास्त दूध देणाऱ्या गायीला त्यांची गरज असते. पण इथे एक उणीव आहे, जिच्याविषयी गोणीवर कधीच काही छापलेले नसते. प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांची जुळवाजुळव, आणि मक्याच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल मुळातच कमी असते. सोयाबीन पेंडीच्या प्रथिनांत लायसिन ६ टक्क्यांच्या वर असते, तर डीडीजीएसमध्ये ते ३ टक्क्यांच्या आसपास राहते. त्यामुळे कागदावर प्रथिनांचा आकडा सारखा दिसला, तरी सोयाबीन पेंड पूर्ण काढून तिच्या जागी डीडीजीएस घातले, तर दुधातील प्रथिने आणि पुढे दूधही घसरण्याची शक्यता असते. चारा मक्याचा, मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) मक्याचा आणि वर पेंडही मक्याच्या चोथ्याची, असा आहार असेल तर ही उणीव तीन बाजूंनी येते. म्हणून मी सोयाबीन पेंड पूर्णपणे कधीच बंद केली नाही, आणि तुम्हीही करू नये.

आता रंग आणि वास यांविषयी, कारण खरेदीच्या वेळी हातात एवढेच असते. चांगले डीडीजीएस सोनेरी पिवळे दिसते. मूठभर उचलून नाकाशी नेले तर किंचित आंबूस-गोड वास येतो आणि मूठ उघडल्यावर दाणे सुटे होऊन पडतात. चौथ्या खेपेच्या गोण्या उघडल्या तेव्हा माल गर्द तपकिरी, कॉफीच्या भुकटीसारखा होता. माझ्या आईने एक मूठ नाकाशी धरली आणि 'हे करपले आहे' एवढेच सांगितले. तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. वाळवण्याच्या यंत्रात तापमान फार वाढले की साखरेचा उरलासुरला अंश आणि अमिनो आम्ले यांची एकमेकांशी घट्ट गाठ बसते. भाजलेल्या पावाला जो तपकिरी रंग येतो, त्यामागेही हीच क्रिया असते. या गाठीत सर्वांत आधी लायसिन अडकते, म्हणजे जे आधीच कमी तेच आणखी कमी होते. अशी प्रथिने प्रयोगशाळेच्या साध्या चाचणीत प्रथिने म्हणूनच मोजली जातात, पण गाय ती पचवू शकत नाही आणि ती शेणातून निघून जातात. त्या खेपेच्या अहवालात प्रथिने २९ टक्के होती. उष्णतेने बांधल्या गेलेल्या प्रथिनांची वेगळी चाचणी मागितली, तेव्हा त्यातील बराच मोठा भाग निरुपयोगी असल्याचे कळले. पुरवठादाराने ती खेप परत घेण्यास नकार दिला. त्याचे म्हणणे होते की प्रथिने ठरल्याप्रमाणेच आहेत. तेव्हापासून सौदा करताना 'प्रथिने किती' एवढेच न विचारता रंगाचा नमुना आधी मागवून बरणीत ठेवतो आणि गाडी आल्यावर माल त्या बरणीशी ताडून पाहतो. परत पाठवलेली खेप याच ताडणीत नापास झाली होती.

तेलाचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे, कारण त्याचा परिणाम थेट दुधाच्या फॅटवर होतो. मक्याच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा लिनोलिक आम्लाचा असतो. कोठीपोटातील जिवाणू या असंतृप्त मेदाचे रूपांतर करतात. चारा पुरेसा असला आणि पोटातील आम्लता नीट राहिली, तर ते काम सुरळीत होते. चारा कमी पडला तर हे रूपांतर वेगळ्या वाटेने जाते, काही विशिष्ट मेदाम्ले तयार होतात आणि ती कासेतील फॅट तयार होण्याची क्रिया दाबून टाकतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात झालेल्या संशोधनातून हा संबंध स्पष्ट झालेला आहे. माझ्याकडे हे पाठ्यपुस्तकात लिहिल्याप्रमाणे घडले. मुरघासाचा एक खड्डा संपला, दुसरा उघडण्यास उशीर झाला, आणि दहा-बारा दिवस आहारातील चाऱ्याचा वाटा ४० टक्क्यांपर्यंत खाली आला. डीडीजीएस मात्र तेवढेच चालू होते. ३.९ टक्के असलेली फॅट ३.४ वर आली. मी आधी दुधात पाणी पडले की काय म्हणून भांडी तपासली, मग फॅट मोजण्याच्या यंत्रावर संशय घेतला, आणि शेवटी गव्हाणीजवळ उभा राहिलो तेव्हा लक्षात आले की बसलेल्या गायींपैकी रवंथ करणाऱ्या गायी फारच थोड्या आहेत. नवा खड्डा उघडून चारा पूर्ववत केल्यावर फॅट मूळ जागी यायला जवळजवळ तीन आठवडे लागले. डीडीजीएसमध्ये तंतुमय भाग भरपूर असतो हे खरे. पण तो इतका बारीक असतो की त्याने रवंथ होत नाही, त्यामुळे अहवालातील तंतूंचा आकडा पाहून चाऱ्यात कपात करणे ही मोठी चूक ठरते. एकूण आहारातील निम्मा शुष्क पदार्थ चाऱ्यातून आला पाहिजे, ही मर्यादा मी आता ओलांडत नाही.

याच संदर्भात एक बदल खरेदीदाराने जाणून घेतला पाहिजे. अनेक कारखाने आता पातळ द्रवातून तेल वेगळे काढून घेतात आणि ते जैवइंधनासाठी विकतात. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील १० ते १२ टक्के तेलाचा आकडा आज बहुतेक मालाला लागू पडत नाही. ६ ते ९ टक्के तेल असलेला माल अधिक मिळतो. फॅट सांभाळण्याच्या दृष्टीने कमी तेलाचा माल मला बरा वाटतो, मात्र त्यात ऊर्जाही कमी असते. एक खेप जुन्या प्रकारची आणि पुढची तेल काढलेली आली, आणि दोन्हींचा खुराक एकच ठेवला, तर गायींच्या अंगावरील मांस काही आठवड्यांत हलते. धान्याप्रमाणेही माल बदलतो. गव्हाच्या डीडीजीएसमध्ये मक्यापेक्षा प्रथिने जास्त आणि तेल कमी असते, तांदळाच्या मालात प्रथिने आणखी वरच्या पातळीवर जातात, आणि विक्रेता या सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतो.

बुरशीच्या विषाविषयी मी सर्वांत सावध आहे, कारण हा प्रश्न गायीपाशी थांबत नाही. तो दूध पिणाऱ्या लेकरापर्यंत जातो. मक्यावर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन बी१ नावाचे विष तयार करतात. आंबवणे, उकळणे, वाळवणे यांपैकी कशानेही ते विश्वासार्हपणे नष्ट होत नाही. गाय ते खाते, तिच्या यकृतात त्याचे अफ्लाटॉक्सिन एम१ मध्ये रूपांतर होते, आणि ते दुधात उतरते. खाल्लेल्या विषाच्या साधारण १ ते ६ टक्के इतका भाग दुधात येतो, आणि जास्त दूध देणाऱ्या गायींत हे प्रमाण वरच्या टोकाकडे असते. आता तिपटीचा हिशेब करून पाहा. कच्च्या मक्यात किलोमागे १० मायक्रोग्रॅम विष होते असे धरले, तर डीडीजीएसमध्ये ते ३० झाले. अडीच किलोमधून गायीच्या पोटात रोज ७५ मायक्रोग्रॅम गेले. त्यातील २ टक्के, म्हणजे दीड मायक्रोग्रॅम, २० लिटर दुधात उतरले, तर लिटरमागे ०.०७५ मायक्रोग्रॅम झाले. दुधातील एम१ साठी कोडेक्स या अन्नमानके ठरवणाऱ्या संस्थेची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे, आणि युरोपीय संघाची ०.०५. म्हणजे दिसायला निर्दोष अशा मक्यापासूनचा माल एका मर्यादेत बसतो आणि दुसरी ओलांडतो. आणि हे फक्त एका घटकातून आले, पेंड आणि भरडा यांतून येणारे विष अजून मोजलेलेच नाही. मका याहून खराब असेल, तर आकडे कुठे जातील हे सांगायला नको.

म्हणून प्रत्येक खेपेचा नमुना मी अफ्लाटॉक्सिनसाठी तपासून घेतो. नमुना एका गोणीतून काढून चालत नाही, कारण विष सगळीकडे सारखे पसरलेले नसते. किमान १५-२० गोण्यांतून थोडा थोडा माल काढून, एकत्र कालवून, त्यातला नमुना पाठवावा लागतो. अमेरिकेत दुभत्या जनावरांच्या खाद्यासाठी किलोमागे २० मायक्रोग्रॅम ही मर्यादा पाळली जाते. मी खरेदीत तीच वरची मर्यादा धरतो, आणि आकडा १० च्या पुढे गेला की मात्रा अर्ध्यावर आणतो. सातव्या खेपेत तो १४ आला. ती खेप सव्वा किलोच्या हिशेबाने चार महिने पुरवली, आणि मधल्या काळात सोयाबीन पेंड वाढवून प्रथिने भरून काढली. दिलासा एवढाच, की दूषित खाद्य बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होते. वासरांना मात्र मी हे खाद्य देतच नाही. विषाचा त्रास लहान जनावरांना अधिक होतो, आणि त्यांच्यासाठी लायसिनची उणीवही परवडत नाही.

गंधकाविषयी बरीच भीती घातली जाते, आणि ती अर्धी खरी आहे. कारखान्यात आम्लता राखण्यासाठी आणि टाक्या धुण्यासाठी गंधकाम्ल वापरतात, त्यामुळे डीडीजीएसमधील गंधक मक्याच्या हिशेबापेक्षाही जास्त निघते, ०.३ टक्क्यापासून १ टक्क्यापर्यंत कितीही. अति गंधकापासून कोठीपोटात हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो, आणि तो श्वासावाटे आत गेल्यास मेंदूला इजा होऊन जनावर आंधळे होते, डोके भिंतीला टेकवून उभे राहते, आडवे पडते. ज्यांच्या आहारात चारा जवळजवळ नसतो अशा मांसासाठी पोसल्या जाणाऱ्या जनावरांत हा धोका मोठा असतो, म्हणून त्यांच्यासाठी एकूण आहारात ०.३ टक्के गंधकाची मर्यादा सांगितली जाते, तर भरपूर चारा असलेल्या आहारात ती ०.५ टक्के धरतात. माझ्या मात्रेत, ०.७ टक्के गंधकाच्या मालातून, गायीला रोज सुमारे १६ ग्रॅम गंधक मिळते. यात काळजीचे कारण नाही, पण पाण्याचा हिशेब केल्याशिवाय तसे म्हणू नये. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम सल्फेट असलेले ८० लिटर पाणी गाय प्यायली, तर त्यातूनच १३ ग्रॅमच्या पुढे गंधक जाते. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी खारट असेल, तर डीडीजीएस सुरू करण्याआधी पाणी तपासावे. शिवाय गंधक वाढले की तांब्याचे शोषण घटते, म्हणून खनिज मिश्रण निवडताना त्यातील तांब्याकडे लक्ष द्यावे.

स्फुरद आणि कॅल्शियम यांचा तोल मात्र हमखास बिघडतो. डीडीजीएसमध्ये कॅल्शियम जवळजवळ नसतेच. स्फुरदयुक्त खनिज मिश्रण पूर्वीसारखेच चालू ठेवले तर पैसे वाया जातात, म्हणून मी ते बदलून चुनखडीचे प्रमाण वाढवले. अडीच किलोच्या मात्रेत गायीला पूर्वीपेक्षा रोज ७ ग्रॅम जादा स्फुरद मिळते. ३० गायींचे वर्षाला ते सुमारे ७५ किलो होते, आणि गायीला नको असलेला जवळजवळ सगळा भाग शेणात उतरतो. शेणखत स्वतःच्या शेतात जात असेल, तर हा फायदाच आहे, आणि मी त्या क्षेत्रातील स्फुरदाच्या खताची मात्रा कमी केली आहे. शेण ओढ्याकडे वाहत असेल, तर तेच स्फुरद पाण्यात शेवाळ माजवते.

ओला चोथा मी दोन महिने वापरून पाहिला. वाळवण्याचा खर्च नसल्याने तो स्वस्त असतो, उष्णतेने करपत नाही आणि गायी तो कोरड्या मालापेक्षा अधिक चवीने खातात. पण त्यात ६५ ते ७० टक्के पाणी असते. अडीच किलो कोरड्या मालाइतका शुष्क पदार्थ हवा असेल, तर साडेसहा ते साडेसात किलो ओला चोथा घालावा लागतो, आणि हजार किलोंच्या वाहतुकीत साडेसहाशे किलो पाण्याचेच भाडे भरावे लागते. उष्ण दिवसांत तो तीन ते पाच दिवसांत बुरशीने माखतो. कारखाना जवळ असेल आणि एक गाडी तीन दिवसांत संपेल इतकी जनावरे असतील, तरच तो घ्यावा, किंवा हवाबंद पिशवीत घट्ट दाबून भरण्याची सोय असावी. माझ्याकडे यांपैकी काहीच नव्हते. दर खेपेला वरचा थर फेकावा लागत होता, म्हणून मी कोरड्या मालाकडे परतलो.

कोरडा माल साठवणेही अगदी सोपे नाही. कारखान्यातून गरम असतानाच भरलेला माल गोणीत दगडासारखा बसतो, आणि कोठीत सुटा भरला तर मध्ये कमान धरून खाली उतरत नाही. मी गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचतो आणि दोन महिन्यांत संपेल एवढाच माल घेतो, कारण तेल खवट होऊ लागले की गायींना वास लगेच कळतो.

काही परिचितांनी विचारले, की दारूच्या चोथ्यामुळे दुधात अल्कोहोल येते का. तसे होत नाही. अल्कोहोल कारखान्यात काढून घेतलेले असते, आणि उरलासुरला अंश वाळवताना उडून जातो; चांगल्या मुरघासातही यापेक्षा अधिक अल्कोहोल असते. या शंकेमागे मात्र एक खरा इतिहास आहे. १९व्या शतकात न्यूयॉर्क शहरातील दारूच्या भट्ट्यांना लागून गोठे होते, आणि तेथील गायींना भट्टीतून निघालेला गरम लगदाच प्रामुख्याने खायला घालत. त्या आजारी, व्रणांनी भरलेल्या गायींचे निळसर पातळ दूध मुलांना पाजले जाई, आणि १८५८ मध्ये एका सचित्र साप्ताहिकाने हे चव्हाट्यावर आणले तेव्हा शहर हादरले. त्या गायींना चारा नव्हता, मोकळी हवा नव्हती, आणि लगदा हेच त्यांचे जवळजवळ संपूर्ण अन्न होते. आहाराचा दहावा हिस्सा असलेल्या कोरड्या चोथ्याची त्याच्याशी तुलना होत नाही. तरीही स्वस्त मिळते म्हणून मात्रा चढवत नेण्याचा मोह होतो, तेव्हा मला ते गोठे आठवतात.

कारखान्यांत नको असलेले जिवाणू मारण्यासाठी काही वेळा प्रतिजैविके वापरली जातात, आणि त्यांचे अंश मालात येऊ शकतात. मी ज्या पुरवठादाराकडून आता घेतो, त्याच्याकडून याविषयी लेखी खुलासा घेतला आहे. दर तोलण्यासाठी मी प्रथिनांच्या किलोमागे पडणारी किंमत काढतो आणि ती सोयाबीन पेंडीच्या त्याच हिशेबाशी ताडतो. मात्र डीडीजीएसच्या बाजूला तपासणीचा खर्च मिळवूनच ही तुलना करतो, आणि तेवढे करूनही फरक उरला तरच गाडी मागवतो. दहा-बारा गायी असलेल्या गोठ्याला दर खेपेची तपासणी एकट्याने परवडणार नाही. चार-पाच गोठ्यांनी मिळून एक गाडी घेतली आणि एकच अहवाल मागवला, तर ती परवडते. एवढेही शक्य नसेल, तर त्या गोठ्याने डीडीजीएस स्वतः घेऊन मिसळू नये, आणि तपासलेला माल वापरणाऱ्या खात्रीच्या पशुखाद्य उत्पादकाचे तयार आंबोण घ्यावे.

दहावी खेप परवा आली आहे. रंग बरणीतल्या नमुन्याशी जुळला, वास चांगला आहे, मूठ सुटी होते. २० गोण्यांतून काढलेला नमुना प्रयोगशाळेत गेला आहे, आणि अहवाल येईपर्यंत त्या गोण्या जुन्या मालापासून वेगळ्या, ताडपत्रीखाली ठेवल्या आहेत.